आधी घाट, मग मुन्नार

मस्कतच्या कुरुममध्ये राहणाऱ्या माणसाला उन्हाळ्यात डोंगर आठवावेत, यात नवल नाही. जूनमध्ये समुद्रावरून येणारा वारासुद्धा भट्टीतून आल्यासारखा लागतो, इथल्या भारतीय शाळांना सुट्या लागतात आणि घराघरांत मुन्नारचा बेत शिजू लागतो. मस्कतहून कोचीला थेट विमान, साडेतीन तासांत केरळ, पुढे सव्वाशेच्या आसपास किलोमीटर की चहाचे मळे. कागदावर हा बेत इतका सोपा दिसतो की त्यात खोड काढणाराच खुळा ठरावा. तरी मला वाटतं, तो बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून आखला जातो. आधी दरीकडे बाल्कनी असलेली खोली ठरते, मग विमान, मग काय काय बघायचं त्याची यादी. आणि घाट उरलेल्या वेळात कोंबला जातो. मुन्नारला जाताना निम्मी वाट सपाटीची आहे. नेरियामंगलमला पेरियार नदीवरचा पूल ओलांडला की उरलेल्या निम्म्या वाटेत जवळजवळ दीड हजार मीटर चढायचं असतं. या चढाची वेळ आधी ठरवावी आणि बाकी सगळं तिच्या सोयीनं बसवावं, एवढंच मला सांगायचं आहे.

याचं कारण सरळ आहे. आपली सुटी आणि तिथला पाऊस एकाच वेळी येतात. केरळात मोसमी पाऊस १ जूनच्या आगेमागे पोचतो आणि जून-जुलैत त्याचा जोर सर्वाधिक असतो. मुन्नारला एकेकाळी चहा वाहून नेणारी अरुंद रुळांची रेल्वे होती. जुलै १९२४ च्या महापुरानं ती अशी मोडून काढली की पुन्हा कुणी बांधली नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये कोचीचा विमानतळच पाण्याखाली गेला आणि जवळजवळ दोन आठवडे बंद राहिला. बारा वर्षांनी फुलणारी नीलकुरिंजी बघायला त्याच मोसमात लोकांनी महिनोनमहिने आधी खोल्या धरून ठेवल्या होत्या. आणि ६ ऑगस्ट २०२० च्या रात्री, मुन्नारपासून फार लांब नसलेल्या पेट्टिमुडीत वरचा डोंगर सुटला आणि मळेकामगारांच्या चाळींवर आला. सत्तर माणसं गेली. वीज आणि फोन आधीच बंद पडले होते, त्यामुळे बाहेर बातमी पोचायला सकाळ उजाडली. त्या चाळींना तिथे ‘लयम’ म्हणतात. हिरव्या उतारावर तांबड्या-करड्या पत्र्यांची जी एक सरळ ओळ आपल्या फोटोत छान दिसते, ती हीच. पर्यटकाला आपला दौरा पुढे ढकलता येतो, त्या ओळीत राहणाऱ्याला येत नाही, हा फरक फोटो काढताना लक्षात असावा.

कुरुमच्या माणसाला हे समजायला खरं तर अवघड जाऊ नये. वर्षभर कोरडी ठणठणीत असणारी वादी, म्हणजे वाळवंटी ओढ्याचं पात्र, काही तासांत नदी कशी होते, हे या भागानं जून २००७ मध्ये गोनू वादळात पाहिलं. वादी अदईचं पाणी समुद्राकडे निघालं ते कुरुममधूनच, आणि बाजारपेठेसकट सखल भाग बुडाला. वाहत्या वादीत गाडी घालणं ओमानच्या कायद्यात गुन्हा आहे, आणि इथे राहणारा शहाणा माणूस दंडाची वाट न बघताच काठावर थांबतो. ही जी सवय आपण इथे कमावली, ती कोचीला उतरताच का गळून पडते हे मला कोडंच आहे. बहुधा तिथलं पाणी हिरवळीतून वाहतं, म्हणून ते धोक्याचं वाटत नाही. रस्त्याला लागूनच कोसळणारा चियप्पाराचा धबधबा दिसला की सगळ्या गाड्या थांबतात आणि माणसं कड्याच्या बाजूला पाठ करून सेल्फी घेतात. ऑगस्ट २०१३ मध्ये याच ठिकाणी दरड कोसळून जीव गेले आहेत.

यावर आपल्या लोकांचं ठरलेलं उत्तर असतं: आम्ही सह्याद्रीतले, आम्हाला घाटाचं काय सांगता? उत्तर अगदीच चुकीचं नाही. पण सह्याद्रीतलाच दाखला घ्यायचा तर ३० जुलै २०१४ चं माळीण आणि १९ जुलै २०२३ च्या रात्रीची इर्शाळवाडी ही दरडीखाली गेलेली गावंही सह्याद्रीतलीच आहेत. शिवाय वर्षानुवर्षं मस्कतच्या रुंद, कोरड्या, दिव्यांनी उजळलेल्या रस्त्यांवर गाडी चालवली की घाटाची नजर बोथट होते, आणि मागच्या सीटवरच्या पोरांना तर ती कधी नव्हतीच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: दर पावसाळ्यात हजारो लोक जातात आणि सुखरूप परत येतात. खरं आहे. पाऊस पडतो म्हणून मुन्नारला जाऊच नये, असं मी म्हणत नाही. धुक्यात अर्धा बुडालेला मळा हे पावसाळ्याचंच देणं. पण सुखरूप आलेल्यांची संख्या आपल्याला रस्ता कसा आहे ते सांगते, आज रात्री तो कसा असेल ते सांगत नाही.

इथे ओमानमधल्या जबल अखदर डोंगराचं उदाहरण कामाचं आहे. कुरुमहून दीड-दोन तासांवर बिरकत अल मौजला पोलिसांची चौकी आहे. फोर बाय फोर नसेल तर गाडी तिथूनच परत फिरते, मग तुम्ही कितीही गयावया करा. वर डाळिंबाच्या आणि गुलाबाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या बागा आहेत, चहा नाही. पण ‘नाही’ म्हणणारा माणूस मात्र वर्षभर उभा आहे. मुन्नारच्या इडुक्की जिल्ह्यातही अतिवृष्टीचा इशारा असला की जिल्हाधिकारी घाटातली रात्रीची वाहतूक बंद करतात. फक्त तो हुकूम त्या त्या दिवशी निघतो, आणि तोवर आपली खोली, गाडी, परतीचं तिकीट सगळं ठरून बसलेलं असतं. मग ‘नाही’ म्हणायची जबाबदारी ड्रायव्हरवर येते. तो बिचारा कसं म्हणेल? त्याचा दिवस बुडतो, वर गिऱ्हाईक नाराज. म्हणून गाडीत बसण्याआधीच त्याला स्पष्ट सांगावं की भाऊ, तू थांबू म्हणालास तर आम्ही थांबू आणि दिवसाचे पैसे पूर्ण देऊ. एवढ्या एका वाक्यानं जे साधतं ते महागड्या गाडीनं साधत नाही.

वेळेचं म्हणाल तर रात्रीच्या विमानानं पहाटे कोचीला उतरून तसंच घाट चढायला लागणं हा सर्रास चालणारा आणि सर्वांत वाईट प्रकार. तुम्ही जागे, पोरं जागी, आणि तुमची वाट बघत बसलेला ड्रायव्हरही बहुधा जागाच. तो दिवस सपाटीवर काढा, दुसऱ्या दिवशी सकाळी निघा आणि दुपारी चारच्या आत वर पोचा. पाऊस जोरात लागला तर घाटवाटेवरच्या अडिमालीत मुक्काम करायची मनाची तयारी ठेवा. वाटेत कड्यावरून येणाऱ्या पाण्याकडे बघत राहा: स्वच्छ ओहळ एकाएकी तांबडा झाला, किंवा वाहता ओहळ अचानक थांबला, की वर काहीतरी सुटलं आहे असं समजावं. मळ्यातले सिल्व्हर ओक किंवा विजेचे खांब उताराकडे कललेले दिसले, तर त्यांच्याखाली गाडी उभी करू नये.

ज्यांना सुटी निवडता येते त्यांनी डिसेंबर-जानेवारी धरावा. थंडी कडक असते, काही मळ्यांवर पहाटे दहिवर गोठतं. कुरुमच्या कपाटातले स्वेटर पुरत नाहीत. इरविकुलम उद्यानातल्या नीलगिरी ताहर या रानशेळ्या बघायच्या असतील तर फेब्रुवारी-मार्च टाळावेत, कारण त्यांच्या विणीसाठी उद्यान बंद ठेवतात. नीलकुरिंजीचा पुढचा मोठा बहर २०३० चा, म्हणजे घाईचं कारण नाही. पण ज्यांना जुलैच मिळतो त्यांनी परतीकडे अधिक लक्ष द्यावं. मुन्नारला चढताना उशीर झाला तर फार तर एक दिवस हुकतो. परतताना विमानाची वेळ ठरलेली असते, रविवारी शाळा असते, आणि त्या धाकानं माणसं रात्री दोनला भर पावसात घाट उतरायला गाडी काढतात. मुन्नार आणि विमान यांच्यामध्ये कोचीतली एक रात्र ठेवली की हा प्रसंगच येत नाही. त्या रात्रीची खोली मुन्नारच्या दरीकडच्या बाल्कनीआधी राखून ठेवा.