ऑपरेशनआधी दोन शब्द

गाडी जुंपण्याआधी आपण चाकाची खीळ बघतो. इस्पितळातही तसेच हवे.

ऑपरेशनआधी डॉक्टर, भूल देणारे आणि परिचारिका क्षणभर थांबतात. हातात यादी असते. रोगी कोण? पाय डावा की उजवा? कोणते औषध सोसत नाही? सारे मोठ्याने बोलतात. शेवटी सुया, पट्ट्या मोजतात. पोटात काही राहता कामा नये!

जागतिक आरोग्य संघटनेने २००७-०८ साली दिल्लीसह आठ शहरांत ही यादी वापरून पाहिली. आधी हजारात १५ रोगी दगावत. मग ८ दगावले.

धाकट्या परिचारिकेला चूक दिसली, तर तिने बोलावे. मोठ्यांनी ऐकावे.

आपणही आपले नाव आणि दुखरी बाजू स्वतः सांगू या. विचारण्यात लाज कसली?