सादेली, बास ड्रम आणि सुटणारी पट्टी

प्रश्न : आम्ही मूळचे अमळनेरकडचे, आता दोन पिढ्या सुरतेत, उधन्याला. नवरात्रात एका ऑर्केस्ट्रात मी ड्रमसेट वाजवतो. बास ड्रमच्या लाकडी हूपवरची चमकदार पट्टी सुटली म्हणून झटपट चिकटणाऱ्या ट्यूबने लावली, तर तिसऱ्याच रात्री ती टोकाकडून लोंबायला लागली. आता तिथे पुन्हा चमकी न लावता आपल्या सुरतेच्या सादेलीची नक्षी बसवावी असं मनात आहे. कारागिराकडून चकत्या मिळतील. यासाठी सगळ्यात घट्ट गोंद कोणता?

उत्तर : पत्र आवडलं. त्यातले ‘सगळ्यात घट्ट’ हे दोन शब्द मात्र आधी उखडायला हवेत. पखवाजाच्या डाव्या तोंडावर भिजवलेली कणीक थापतात आणि बैठक संपली की खरवडून टाकतात. तबल्याची शाई मात्र टिकावी म्हणून खळीत कालवलेल्या लोहचूर्णाचे थर एकावर एक घोटून बसवतात. दोन्ही चिकटवण्याच्याच कला, पण एकीत वेळेवर सुटणं महत्त्वाचं आणि दुसरीत न सुटणं. तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवा : कोणते दोन पृष्ठभाग भेटणार आहेत, ते कसे हलणार आहेत, आणि नक्षी पुढे कधी काढायची वेळ येणार आहे का.

ट्यूबने दगा का दिला ते आधी. तिच्यात सायनोॲक्रिलेट असतं. १९४२ मध्ये अमेरिकेत हॅरी कूव्हर बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते, तेव्हा हे रसायन हाती लागलं. जिथे तिथे चिकटतं म्हणून त्यांनी ते बाजूला टाकलं आणि गोंद म्हणून ते बाजारात यायला १९५८ साल उजाडलं. हवेतल्या आणि पृष्ठभागावरच्या ओलाव्याने ते घट्ट होतं, म्हणजे सुरतेच्या दमट हवेत पट्टी सरळ करायच्या आतच. वाळल्यावर त्याचा थर काचेसारखा कडक होतो. सरळ ओढलं तर तो जबरदस्त धरतो, पण टोकाकडून सोललं किंवा वरचेवर धक्के दिले की तडकतो. तुमच्या पट्टीच्या वाट्याला नेमक्या याच दोन गोष्टी आल्या. गोल वाकवलेलं प्लास्टिक जन्मभर सरळ व्हायला धडपडतं, आणि खाली तुमचा पाय रात्रभर पेडल हाणत असतो.

साधी चमकी परत लावायची असती तर उत्तर दोन ओळींत संपलं असतं. सनमायका लावणाऱ्याकडचं सोल्युशन आणा, दोन्ही बाजूंना पातळ थर द्या, दहा-पंधरा मिनिटांनी बोटाला चिकटेनासं झालं की एका टोकाकडून दाबत न्या. एकदा टेकली की सरकत नाही, म्हणून आधी पेन्सिलीने खूण करून ठेवा. हा थर रबरी असल्यामुळे धक्के पचवतो. उन्हात उभ्या टेम्पोत मात्र तो मऊ पडतो, म्हणून पट्टीचा सांधा वरच्या बाजूला ठेवू नये.

पण तुम्ही सादेली निवडलीत, आणि मला यातलं सगळ्यात रंजक प्रकरण हेच वाटतं. ही कला शिराझची. सिंधमार्गे ती सुरतेत आली असं सांगतात, आणि इथल्या पारशी पेटी करणाऱ्यांनी, म्हणजे पेटीगरा घराण्यांनी, ती वाढवली. पुढे मुंबईत तयार होणाऱ्या अशा पेट्या इंग्रजांनी ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून जगभर नेल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्येही त्या आहेत. आबनूस, चंदन, शिसवी, हाड, रंगवलेलं शिंग, हस्तिदंत आणि धातूची तार यांच्या बारीक त्रिकोणी काड्या एकत्र बांधून, चिकटवून जुडी करायची आणि मग ती आडवी कापायची. प्रत्येक कापात चांदणी निघते. हस्तिदंत आता बेकायदेशीर आहे, त्याच्या जागी प्लास्टिक आलं. मिरजेच्या तंबोऱ्यावरच्या पांढऱ्या नक्षीचं हेच झालं, हस्तिदंत आणि हाडाच्या जागी सेल्युलॉइड, मग प्लास्टिक.

या आडव्या कापातच तुमच्या गोंदाचा प्रश्न आहे. लाकडाच्या नळ्या दोन्ही तोंडांनी उघड्या पडलेल्या असतात, त्या गोंद स्पंजासारखा पितात. वर एकाच चकतीत लाकूड, प्लास्टिक आणि धातू एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसलेले असतात. लाकूड ओलाव्याने फुगतं, धातू फुगत नाही. म्हणूनच जुन्या बॉम्बे बॉक्सच्या चकत्या गरम केलेल्या युरोपीय घरांत सुटल्या : खालचं चंदन आकसलं आणि नक्षीने जागा सोडली.

जुने कारागीर सरस वापरत, हाडं आणि कातडं उकळून केलेला. त्याला सुमारे साठ अंशांवर, पाण्यात ठेवलेल्या भांड्यात, गरम करत बसावं लागे. सुतारांची ही कटकट १९५९ मध्ये बळवंतराय पारेखांच्या फेव्हिकॉलने मोडून काढली. पण सरसात एक गुण आहे : वाफ दाखवली की तो सुटतो, म्हणून जुनं काम दुरुस्त करता येतं. पेटी असती तर मी तुम्हाला सरसच सुचवला असता. तुमचा ड्रम मात्र पावसाळा सोसणार, घाम सोसणार, टेम्पोत फिरणार. सरस तिथे टिकायचा नाही. पांढरा सुतारी गोंदही नको. एक तर त्यातलं पाणी पातळ चकतीच्या एकाच बाजूला लागून ती पापडासारखी वाकते, आणि दुसरं म्हणजे प्लास्टिक व जुन्या पॉलिशमध्ये ते पाणी निघून जायला वाटच मिळत नाही.

तेव्हा इपॉक्सी, पण सावकाश घट्ट होणारं. ॲराल्डाइटची दोन ट्यूबची जोडी ओळखीची आहे, त्यातही पाच मिनिटांत सेट होणारं घेऊ नका, रात्रभर लागणारं घ्या. ते कोरडं होत नाही, रेझिन आणि हार्डनर यांच्या रासायनिक क्रियेने घट्ट होतं, म्हणून पाणी कुठे जायचं हा प्रश्न उरत नाही आणि फटीही भरून निघतात. फट भरणं तुम्हाला फार लागणार आहे. २२ इंची बास ड्रमची हूप बाहेरून साधारण २३ इंच व्यासाची, म्हणजे त्रिज्या सुमारे २९० मिलिमीटर. एक इंच लांबीची सपाट चकती त्यावर टेकवली तर मधोमध चिकटून दोन्ही टोकांना पाव मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त फट राहते. तेवढी इपॉक्सी सहज भरते. दोन इंची चकती लावाल तर हीच फट एक मिलिमीटरच्या थोडी वर जाते, आणि चकती तडकेल ती वेगळीच. म्हणून एक इंचाच्या आतले तुकडे, पूर्ण घेराला सत्तरहून थोडे जास्त. मोठी अखंड पट्टी वाकवायच्या मोहात पडू नका.

काम असं करा. पट्टी बसत होती त्या खाचेतलं जुनं पॉलिश आणि जुन्या गोंदाची खपली काढून लाकूड उघडं करा. चकतीची पाठ १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, नाहीतर प्लास्टिकवर काहीच धरत नाही. आधी पाठीवर इपॉक्सीचा अगदी पातळ हात फिरवा, लाकडाने तो पिऊन घेऊ द्या, मगच दुसरा थर देऊन बसवा. दाबायला शिकंजे कामाचे नाहीत, गोल वस्तूवर ते घसरतात. जुन्या सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून हूपभोवती घट्ट गुंडाळा, आणि मध्ये पॉलिथिन घाला, कारण इपॉक्सी त्याला चिकटत नाही. एका वेळी आठ-दहाच तुकडे लावा. बाहेर आलेला गोंद कापडाने लगेच पुसा, हातमोजे घाला. पावसाच्या दिवसांत इपॉक्सीचा वरचा थर चिकचिकीत राहू शकतो, तेव्हा कोरडा दिवस बघा. सुरतेत तो मिळण्यासाठी थोडी वाट पाहावी लागेल, पण नवरात्राच्या आदल्या आठवड्यात हे काम काढू नका.

दोन जागा मात्र मोकळ्या सोडा. खाली पेडलचा शिकंजा जिथे हूप धरतो तिथे नक्षी चुरडली जाईल; तिथे साधं लाकूडच ठेवा. आणि हूपच्या आतल्या बाजूला, जिथे ड्रमच्या पानाची कडा बसते, तिथे गोंदाचा थेंबही उतरू देऊ नका. ताण असमान झाला की सूर लावताना तुम्ही आम्हालाच शिव्या द्याल. आवाज बदलेल का, असं पुढे विचारालच : नक्षीच्या वजनाने जाणवण्याइतका नाही.

सगळं बसलं की पॉलिश पेपरने सपाट करा, तार असलेल्या ठिकाणी हलका हात ठेवा, मग वरून पारदर्शक लाखेचा हात द्या. आणि एक तुकडा जुन्या फळीवर लावून आठवडाभर उन्हात ठेवून बघाच. पहिली चाचणी हूपवर करायची नसते.

प्रश्न : आमच्या गणपती पथकातल्या ढोलांच्या लोखंडी रिंगवर पितळी पत्र्याची नक्षी लावायची आहे. हेच इपॉक्सी चालेल का?

उत्तर : चालेल, पण घाई करू नका. लोखंडावरचा रंग आणि गंज आधी निघाला पाहिजे, नाहीतर गोंद रंगाला चिकटतो आणि रंग रिंगला सोडून देतो. पितळ पॉलिश पेपरने घासल्यावर लगेच लावा, हवेत ते पुन्हा काळवंडतं. पत्रा रिंगच्या वळणापेक्षा थोडा जास्तच गोल वाकवून घ्या, म्हणजे तो उघडायला नाही, मिटायला बघेल. आणि ढोल दोरीने आवळता ना? मग दोरी जिथून जाते तिथे पत्र्याची कड येऊ देऊ नका. गोंद टिकेल, दोरी तुटेल.