तळणीचे तेल आणि ट्रॅक्टरची टाकी

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री दुकाने मिटली की त्यांच्याच पुढ्यात कढया चढतात, गराडू नि कचोऱ्या तळल्या जातात. तळून तळून काळे पडलेले तेल पुन्हा पोटात जाऊ नये म्हणून १ जुलै २०१८ पासून त्यातील घातक ध्रुवीय घटकांना २५ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असे तेल गोळा करून बायोडिझेल बनविण्याची ‘रुको’ योजना सुरू केली. आरोग्याच्या दृष्टीने हे उत्तमच झाले. पण शेतकरी बांधवांनो, कढईतले तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे.

१९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले होते, हे खरे आहे. तरी नुसते गाळलेले तेल आपल्या ट्रॅक्टरात घालू नये. ते डिझेलच्या सुमारे दसपट दाट असते. नॉझलमधून त्याचा बारीक फवारा होत नाही, ते अर्धवट जळते, रिंगांवर काजळी धरते आणि पेरणीच्या ऐन दिवसांत इंजिन खोलावे लागते. बायोडिझेल करताना तेलात मेथॅनॉल व कॉस्टिक मिसळून ग्लिसरीन वेगळे काढतात. तेव्हा कुठे ते पातळ होते. हा उद्योग घरी मुळीच करू नये. मेथॅनॉल पोटात गेले तर दृष्टी जाते, जीवही जातो, आणि त्याची ज्योत उन्हात दिसतही नाही.

आता मिश्रणाविषयी. आपल्याकडे ६ ते २० टक्के मिश्रणासाठी वेगळे भारतीय मानक आहे. मात्र आपले इंजिन किती टक्के सोसते ते कंपनीच्या पुस्तिकेत पाहावे, दुकानदाराच्या तोंडून नव्हे. रस्त्याकडेला पिंपातून मिळणारे स्वस्त ‘बायोडिझेल’ तर घेऊच नये. २०२१ च्या सुमारास गुजरातेत या नावाखाली भलतीच तेले विकणाऱ्यांवर छापे पडले होते.

जुन्या ट्रॅक्टरला पहिल्यांदा मिश्रण देताना एक गोष्ट हमखास होते. बायोडिझेल टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये येऊन बसतो. इंजिन दम टाकू लागले की लोक इंधनाला दोष देतात! टाकी आधी धुवावी, फिल्टर जवळ ठेवावा व पहिल्या काही टाक्यांनंतर बदलावा. जुन्या रबरी नळ्या नि वॉशर फुगून मऊ होतात, तेही तपासावेत. तांब्यापितळेच्या किंवा जस्ताच्या भांड्यात हे इंधन साठवू नये.

बायोडिझेल पाणी धरते, पाण्यात बुरशी वाढते. म्हणून टाकी भरलेली ठेवावी आणि साठा दोनतीन महिन्यांहून जास्त ठेवू नये. माळव्यातल्या थंडीत, विशेषतः पामतेलापासून केलेले असेल तर, पहाटे ते गढूळ होऊन फिल्टर अडवते. त्या दिवसांत साधे डिझेल बरे. त्याने भिजलेली फडकी एकत्र चुरगळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात.

आणि दर आठवड्याला ऑइलची पट्टी पाहावी. पातळी वाढलेली दिसली तर इंधन खाली उतरून ऑइल पातळ करीत आहे असे समजून ते लगेच बदलावे.