पक्षाघातानंतर तोल सावरताना

पक्षाघाताच्या झटक्यातून रुग्ण बचावला, म्हणजे घरच्या मंडळींना हायसे वाटते. परंतु तो खाटेवरून उठू लागला, की नवी चिंता उभी राहते. पाऊल उचलते, पण तोल राहत नाही. एकदा पडलेला रुग्ण धास्तीने उठणेच टाळतो. मग स्नायू अधिक दुर्बळ होतात व पुन्हा पडण्याचा संभव वाढतो. खुब्याचे हाड मोडल्यास अंथरूणच धरावे लागण्याची भीती असते.

डोळे, आंतरकर्ण, तळपाय आणि सांधे यांच्याकडून येणाऱ्या संवेदनांचा मेळ घालून मेंदू शरीराचा तोल राखतो. पक्षाघाताने हा मेळ बिघडतो. तथापि मेंदूचा शाबूत भाग सरावाने नवे शिकू शकतो. व्यायामोपचाराचा पाया हाच होय.

प्रथम खाटेच्या कडेला, टेका न घेता, तळवे जमिनीवर टेकवून बसावयास शिकवितात. पुढे बसल्या जागी हात लांबवून वस्तू घेणे, खुर्चीवरून उठणे-बसणे, दुबळ्या पायावर भार घेणे आणि अखेर चालणे, वळणे, पायरी चढणे असा क्रम असतो. साहाय्यकाने दुबळ्या बाजूस राहून कमरेशी आधार द्यावा. लुळा हात धरून ओढल्यास खांद्याला इजा होते. चक्कर आल्यास, छातीत दुखल्यास किंवा धाप लागल्यास व्यायाम तात्काळ थांबवावा.

व्यायाम केव्हा सुरू करावा, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. पाच देशांतील २,१०४ रुग्णांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पहिल्या २४ तासांतच वारंवार उठवून चालविलेल्या रुग्णांची प्रगती तुलनेने कमी झाली. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कुटुंबीयांना शिकवून त्यांच्याकडून घरी व्यायाम करविला, तरी सहा महिन्यांनंतर रुग्णांच्या परावलंबित्वात नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक आढळला नाही. तेव्हा घरचा सराव आवश्यक असला, तरी भौतिकोपचारतज्ज्ञाची देखरेख टाळता येणार नाही.

येथेच गावाचे साहाय्य मोलाचे ठरते. रुग्णाला ठरल्या दिवशी रुग्णालयात नेण्यासाठी वाहन, ग्रामपंचायतीच्या पायऱ्यांना कठडा, न्हाणीघरात धरावयास दांडी, या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. पंचायत सदस्य व शिक्षक यांनी मनावर घेतल्यास, मायेपोटी अंथरुणावर निजवून ठेवलेली अनेक माणसे पुन्हा आपल्या अंगणात उभी राहू शकतील.