केमिकल पील आणि माझा गाल

मी कॉन्व्हेंटवाली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या चेहऱ्याचा आहे!

गॅदरिंगच्या आधी पिंपल्सचे डाग जावेत म्हणून मी 30 टक्क्यांचं ग्लायकोलिक पील मागवलं. बाटलीवर पीएच लिहिलेलाच नव्हता. "जळजळतंय म्हणजे काम करतंय," असं रूममेट म्हणाली, म्हणून पाच मिनिटं जास्तच ठेवलं. दुसऱ्या दिवशी स्कार्फ न बांधता स्कूटीवरून कॉलेज. आठवड्याभरात गालावर आधीच्या डागांपेक्षा मोठा काळा पट्टा!

मग एफ.ई.ची केमिस्ट्री आठवली. ग्लायकोलिक ॲसिड उसातही असतं. ते त्वचेच्या वरच्या मृत पेशींची एकमेकींवरची पकड सैल करतं. त्या गळतात आणि खालची नवी त्वचा वर येते. पण हे काम करतं ते मुक्त ॲसिड. त्याचा पीकेए 3.83. म्हणजे पीएच 3.83 ला निम्मंच ॲसिड मुक्त असतं, तर पीएच 2 ला 98 टक्के! बाटलीवरचा आकडा तोच, जोर मात्र दुप्पट. शिवाय ते वेळेवर धुवावं किंवा न्यूट्रलाइज करावं लागतं.

आपली त्वचा सावळी. ती भाजली की तिथे जास्त मेलॅनिन बनतं, आणि वर पुण्याचं ऊन!

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, "आता फक्त सनस्क्रीन आणि धीर." गॅदरिंगच्या फोटोत मी एकाच बाजूने दिसते, ते याचमुळे. म्हणून सांगते, पील करायचंच तर डॉक्टरांकडे. होस्टेलच्या बेसिनवर नको!