भांग मिसळलेला खाऊ

महाशिवरात्र किंवा रंगपंचमी आली म्हणजे कोणी दुधांत, थंडाईंत अगर भज्यांत भांग मिसळून देतो, हें पुष्कळांस ठाऊक आहे. देणारा म्हणतो, "घ्या हो, पाल्याचीच तर आहे." आतां तर झाडाचा अर्क चॉकलेटांत व बिस्किटांतही घालितात, आणि तो नुसत्या डोळ्यांस ओळखूं येत नाहीं.

कैफ आणणारें द्रव्य पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. तें स्निग्ध पदार्थांत उतरतें. म्हणूनच भांग दुधांत घोटतात व तुपांत परततात. चिलीम ओढणाऱ्यास अंमल कांहीं मिनिटांत कळतो. पोटांत गेलेली भांग चढावयास अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. मधल्या वेळांत मनुष्य म्हणतो, "कांहींच झालें नाहीं," आणि दुसरा पेला घेतो. घात होतो तो येथेंच. यकृतांत त्या द्रव्याचें अधिक जोरकस रूप बनतें, दोन्ही पेले एकदम अंगावर येतात, आणि अंमल सहा ते आठ तास, कधीं त्याहूनही अधिक राहतो. छाती धडधडते, घेरी येते, भलभलते भास होतात. शिवरात्रीच्या सुमारास बहुधा ऊसतोडीचा हंगाम चालू असतो. सायंकाळीं पेला घेतलेला चालक रात्रीं माळेगांव किंवा भवानीनगरच्या कारखान्याकडे ट्रॅक्टर घेऊन निघाला, तर रस्त्यावरील इतरांचें काय?

हृदयविकार असणाऱ्यांनीं व गरोदर स्त्रियांनीं ह्यास शिवूंही नये. कोवळ्या वयांत संवय लागल्यास वेड लागण्याचा धोका वाढतो.

कित्येक म्हणतात, भांगेस कायद्याची मोकळीक आहे. १९८५ च्या केंद्रीय कायद्यानें शेंड्यावांचूनचीं पानें गांजांत धरलीं नाहींत, हें खरें. परंतु आपल्या राज्यांत १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वयें परवान्यावांचून भांग बाळगणें गुन्हा आहे. २०२१ सालीं अन्न म्हणून मान्य झालें तें ह्या झाडाचें बीं, पाला नव्हे.

सर्वांत मोठें भय लहान लेंकरांचें. उरलेला पेढा लेंकरूं उचलून खातें. मग तें गुंगतें, त्याचा तोल जातो, क्वचित् श्वासही मंदावतो. अशा वेळीं लिंबू किंवा मीठपाणी पाजूं नये, वांती करवूं नये. गुंगींत घोट श्वासनलिकेंत जातो. लेंकरास कुशीवर निजवावें, १०८ ची गाडी बोलवावी, व उरलेला पेढा सोबत न्यावा. डॉक्टरांपुढें लाजूं नये. घरच्यांनीं भांगेची गोष्ट लपविली म्हणजे मेंदूज्वराची शंका येते, आणि लेंकराच्या पाठींत सुई घालून पाणी काढण्याची पाळी येते.