शिंगांची मोजणी आणि नशिबाचा वाटा

रिझल्ट लागला की आमच्या हॉस्टेलवर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पास झालेला म्हणतो, "घासली होती रे." नापास झालेला म्हणतो, "लकच नव्हतं." याच्या उलटं बोलणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. या वादावर मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उदाहरण मात्र भलत्याच ठिकाणचं आहे, अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीचं.

झालं असं, की माझ्या रूम पार्टनरचा मोठा भाऊ विस्कॉन्सिनला एम.एस. करतोय. नोव्हेंबरात त्याचा फोन आला की लॅब ओस पडलीये, अर्धे लोक भडक नारिंगी जॅकेटं घालून जंगलात गेलेत. (नारिंगी का, तर एकमेकांना हरीण समजून गोळी घालू नये म्हणून!) तिथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीचा सीझन सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो. एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ-सांबराची शिकार हा गुन्हा आहे, आणि मला स्वतःला बंदूक हातात घ्यायची हौस नाही. पण प्रश्न इंटरेस्टिंग आहे.

या हरणाचं नाव व्हाइटटेल. घाबरून पळताना शेपटी वर करतं आणि खालचा पांढराशुभ्र भाग दिसतो, म्हणून हे नाव. नराला म्हणतात बक. शिकाऱ्यांचा सगळा जीव असतो त्याच्या शिंगांत. इथे माझी अडचण झाली. इंग्रजीत काळविटाचं पोकळ, जन्मभर टिकणारं शिंग वेगळं आणि दरवर्षी गळून पडणारं, फाटे फुटलेलं भरीव हाडाचं शिंग वेगळं. दोन शब्द आहेत. मराठीत काय? मी कॉन्व्हेंटवाला, वाटलं आपल्यालाच येत नसेल. मराठी विभागाच्या मॅडमना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "शिंगच लिही, आणि वेळेत दे." तर शिंगच. बकची शिंगं हिवाळ्यात गळतात, वसंतात पुन्हा फुटतात, उन्हाळाभर मखमली कातडीखाली वाढतात आणि सप्टेंबरच्या सुमारास ती कातडी झाडांवर घासून काढली जाते. म्हणजे एवढा सगळा पसारा चार-पाच महिन्यांत उभा राहतो! दरवर्षी नवी जोडी, आणि साधारण पाच-सात वर्षांच्या वयात सर्वांत मोठी.

ही शिंगं मोजायची पद्धत वाचून मला आमचं मेट्रॉलॉजीचं प्रॅक्टिकल आठवलं. थिओडोर रूझवेल्ट (तेच, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले) आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ साली बून अँड क्रॉकेट क्लब काढला. आजची मोजणी या क्लबने १९५० साली ठरवली. शिंगं साठ दिवस वाळवायची, कारण ओली असताना माप जास्त भरतं. मग मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक फाट्याची लांबी, दोन्ही बाजूंना चार-चार ठिकाणी घेर आणि आतलं अंतर, हे सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजायचं. 'टिपिकल' गटात डाव्या-उजव्या बाजूंतला फरक वजा होतो, म्हणजे सिमेट्रीला मार्क! वेडेवाकडे फाटे फुटले असतील तर 'नॉन-टिपिकल' गट, तिथे त्या फाट्यांची लांबी मिळवली जाते. कायमच्या रेकॉर्ड बुकात जायला टिपिकलला १७० आणि नॉन-टिपिकलला १९५ लागतात.

आता गंमत बघा. नॉन-टिपिकलमधली जगातली सर्वांत मोठी नोंद ३३३ ७/८ ची आहे. ती कोणी मारली? कोणीच नाही. १९८१ साली मिसुरी राज्यात, सेंट लुई काउंटीत, तो बक कुंपणापाशी मरून पडलेला सापडला. त्याच्या खालोखाल ३२८ २/८, ओहायो, १९४०. तोही कुंपणापाशी मेलेलाच मिळाला. म्हणजे यादीतल्या पहिल्या दोन प्राण्यांनी जिवंतपणी एकाही शिकाऱ्याला हाती लागू दिलं नाही. क्लबला याचं काही वाटत नाही, कारण नोंद प्राण्याची असते, मारणाऱ्याच्या कौशल्याची नाही. (तारेच्या बंदिस्त आवारात मारलेला प्राणी मात्र ते घेत नाहीत.) मला वाटतं वादाची निम्मी गल्लत इथेच होते. लोक शिंगांचे इंच बघतात आणि माणसाला मार्क देतात.

टिपिकलचा रेकॉर्ड कॅनडातला. सस्कॅचेवान प्रांतात बिगर गावाजवळचा शेतकरी मायलो हॅन्सन, तारीख २३ नोव्हेंबर १९९३, माप २१३ ५/८. हा मोठा बक परिसरात फिरतोय हे आजूबाजूच्यांनी पाहिलेलं होतं. आदल्या रात्री ताजं बर्फ पडलं, त्यामुळे सकाळी पावलं स्पष्ट दिसली. हॅन्सन आणि त्याच्या मित्रांनी माग काढला, बक उठून पळाला, सुरुवातीच्या गोळ्या चुकल्या. मग त्याची पावलं इतर हरणांच्या पावलांत मिसळून हरवली. थोड्या वेळाने तोच बक पुन्हा समोर आला, हॅन्सनच्याच जमिनीवर! आता सांगा, हे काय? बर्फ पडलं हे नशीब, पण पावलं वाचता येणं कौशल्य. बक परत समोर आला हे नशीब, पण तो बिथरल्यावर कुठल्या झुडपांकडे वळू शकतो हे तिथेच शेती करणाऱ्याला कळणार, मला नाही कळणार.

कौशल्य म्हणजे नेमबाजी असं मलाही आधी वाटायचं. जाणकारांच्या लेखी ती शेवटची गोष्ट. पहिली गोष्ट वारा. व्हाइटटेलचं नाक एवढं तिखट, की वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर तुम्हाला तो दिसणारही नाही. म्हणून वाऱ्याची दिशा बघून झाडावरची बैठक निवडायची, नाहीतर सरळ घरी जायचं. दुसरी गोष्ट खुणा: नराने शिंगं घासलेली खोडं, खुराने उकरलेली माती, मक्याचं शेत आणि ओकची फळं कुठे आहेत ते. तिसरी वेळ. एरवी रात्रीच हिंडणारा मोठा नर नोव्हेंबरच्या माजात माद्यांमागे दिवसाढवळ्या धावतो. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे न मारणं. दीड-दोन वर्षांचा बरा दिसणारा नर समोर आला आणि तो सोडून दिला, तरच तो कधीतरी सहा वर्षांचा होईल. त्यात तुम्ही सोडलेला शेजाऱ्याने मारला, की संपलं.

थोडं गणित करू, त्याशिवाय आमच्या स्टाफला चैन पडणार नाही. समजा नवख्या शिकाऱ्याला एका दिवसात मोठा बक मिळायची शक्यता १ टक्का आहे आणि मुरलेल्याला ३ टक्के. (आकडे माझे, फक्त हिशोबासाठी.) दहा दिवस बसल्यावर नवख्याला निदान एकदा संधी मिळायची शक्यता सुमारे १० टक्के, मुरलेल्याची २६ टक्के. नवखा तीस दिवस बसला तर त्याचेही २६ टक्के होतात, म्हणजे कौशल्याची भरपाई चिकाटीने होऊ शकते. मुरलेला तीस दिवस बसला तर ६० टक्के. पण याचाच अर्थ असा, की जे जे करायचं ते सगळं करूनही शंभरातले चाळीस मुरलेले रिकाम्या हाताने परत येतात. त्यांचे फोटो कुठेच छापले जात नाहीत. आणि नवखे संख्येने कितीतरी जास्त, त्यामुळे दरवर्षी कोणीतरी पहिल्याच दिवशी मोठा बक मारतो, त्याचा फोटो मात्र छापला जातो. आमचं गणित अर्थात भाबडं आहे. प्रत्यक्षात दिवस एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. सोमवारी तुमचा वास लागला तर मंगळवारची शक्यता घटते.

आणि एक. शक्यताच शून्य असेल तर कितीही दिवस बसा, उत्तर शून्य. १९०० च्या आसपास बेसुमार शिकारीने अख्ख्या अमेरिकेत व्हाइटटेल पाच लाखांच्या आसपास उरले होते. आज ते सुमारे तीन कोटी आहेत. मधे सीझन ठरले, परवाने आले, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. आयोवा राज्यात मुख्य बंदुकीचा सीझन माज सरल्यावर, डिसेंबरात ठेवतात, म्हणून तिथे नर म्हातारे होऊ शकतात. बाहेरच्या शिकाऱ्याला मात्र तिथला परवाना सोडतीतून मिळतो, त्यासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं! जंगलात पाऊल टाकण्याआधीच लॉटरी. तेव्हा शिकारी ज्याला "माझं नशीब" म्हणतो, त्यातलं बरंचसं कोणीतरी आधी ऑफिसात बसून केलेलं काम असतं.

हॅन्सनच्या आधीचा टिपिकल रेकॉर्ड जेम्स जॉर्डनचा. विस्कॉन्सिनमध्ये डॅनबरी गावाजवळ, १९१४ सालचा नोव्हेंबर. त्याने पुढे सांगितलं त्यानुसार, रेल्वेची शिट्टी वाजली आणि गवतात बसलेली हरणं दचकून उभी राहिली, तेव्हा तो बक दिसला. गोळ्यांवर गोळ्या झाडून जखमी केला, माग काढत नदीपर्यंत गेला आणि उरलेल्या शेवटच्या काडतुसाने मारला. डोकं पेंढा भरून द्यायला एका कारागिराने पाच डॉलर सांगितले, जॉर्डनने ते त्याच्याकडे सोपवलं, आणि तो कारागीर गाव सोडून गेला. शिंगं गेली ती गेलीच. बऱ्याच वर्षांनी मिनेसोटातल्या सँडस्टोन गावात जुन्या सामानाच्या विक्रीत एकाने ती तीन डॉलरला विकत घेतली. योगायोग असा, की घेणारा जॉर्डनच्याच नात्यातला निघाला. त्याने दाखवल्याबरोबर म्हाताऱ्याने ओळखलं, ही माझी. पण पुरावा काय? १९७१ मध्ये क्लबने २०६ १/८ हा जागतिक रेकॉर्ड म्हणून जाहीर केला, शिकारी अज्ञात असं लिहून. जॉर्डनचं नाव त्या नोंदीपुढे लागलं डिसेंबर १९७८ मध्ये. तो ऑक्टोबरात वारला होता.